मुकी पट्टी

हुसेन मुलाणींच्या पांढऱ्या कोटाच्या डाव्या खिशात तांबड्या खडूचा तुकडा असायचा आणि उजव्या खिशात सुरांची शिट्टी. खडू कंपनीचा, शिट्टी स्वतःची. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनचे प्रमुख होते. लेथवरून उतरलेला नग त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यावर तांबडी रेघ पडली की भंगारात जायचा. शिट्टी गोल, चपटी, हाताच्या पंजात लपेल एवढी. तिच्या कडेला बारा भोकं. ज्या भोकात फुंकाल त्या पट्टीचा सूर निघायचा, थेट बाजाच्या पेटीवर काळी एक, पांढरी पाच अशा पट्ट्या दाबून निघतो तसा. शिफ्टचा भोंगा झाला की मुलाणी शिट्टी काढून हळूच फुंकायचे आणि म्हणायचे, "आज भोंगा पांढरी पाचला आहे. व्होल्टेज कमी असणार." मला आधी वाटायचं, हे थट्टा करतायत. वर्षभरानं कळलं की थट्टा या माणसाला येतच नाही.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक गेज दिलं. दोन टोकांचं. एक टोक नगाच्या भोकात सहज जायला हवं, दुसरं अजिबात जाता कामा नये. "पाटणकर," ते म्हणाले, "डोळ्याला विचारायचं नाही, मनाला तर नाहीच नाही. गेजला विचारायचं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढं इतक्यांदा ऐकलं की माझ्या बायकोलाही पाठ झालं. मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो की ती म्हणायची, गेजला विचारा.

त्यांची एक गोष्ट कारखान्यात सगळे सांगत. एकदा त्यांनी पिनांचा सगळा लॉट रिजेक्ट केला. दारात ट्रक उभा, गिऱ्हाइकाचा माणूस ऑफिसात चहा पितोय, आणि खोकी तांबड्या रेघांनी भरलेली. मॅनेजरसाहेब स्वतः खाली आले. आधी गोड बोलले, मग आवाज चढवला, शेवटी म्हणाले, निदान परत एकदा बघा तरी. मुलाणींनी हातातलं गेज साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. तुम्ही बघा म्हणाले, मी बघितलंय. "एकदा रेघ ओढली की मी नग परत हातात घेत नाही. घेतला तर पहिल्यांदा नीट बघितलंच नव्हतं, असं होईल." ट्रक रिकामा गेला. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे मोठ्या अभिमानानं बघत होतो. हाच स्वभाव पुढं कुणाच्या मुळावर येईल, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

गुरुवार हा आमचा रविवार. औद्योगिक पट्ट्यात विजेसाठी सुट्ट्या वाटून दिलेल्या असत, आमच्या वाट्याला गुरुवार आला होता. त्या दिवशी मुलाणी चिंचवड स्टेशनजवळच्या आपल्या दोन खोल्यांत तबकड्या ऐकत. जुन्या, लाखेच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या. सफरचंदाच्या खोक्यांत त्या उभ्या लावलेल्या असत, आणि त्या खोक्यांपायी रशीदाभाभींना घरात पाय ठेवायला जागा राहिली नव्हती. माणूस आला की भाभी म्हणायच्या, बसा, पण कशावर ते यांना विचारा.

ऐकण्याचे नियम होते. तबकडी आदल्या दिवशी रिठ्याच्या पाण्यानं धुवायची आणि जुन्या मलमलीनं टिपायची. लोखंडी सुई लावायची नाही, ती तबकडी खाते. त्याऐवजी बाभळीचा काटा. चाकणच्या रस्त्याला बाभळी भरपूर. मुलाणी तिथून काटे तोडून आणत, वर्षभर बिस्किटाच्या डब्यात वाळवत आणि कंपनीतल्या बारीक कानशीनं टोक काढत. एका काट्यावर एकच बाजू ऐकायची, मग काटा फेकायचा. ऐकताना बसायचं नाही, बोलायचं नाही. आणि यंत्र सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं नुसतंच फिरू द्यायचं. कडेला काळ्या रेघा असलेला एक पुठ्ठा ते फिरत्या ताटलीवर ठेवत. बल्बच्या उजेडात त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर अठ्ठ्याहत्तर. रेघा किंचित सरकल्या तरी ते स्क्रू पिळत राहत. अख्ख्या पुणे जिल्ह्यात इतकं अचूक यंत्र दुसरं नसेल असं ते म्हणायचे, आणि ते खरंही असावं.

मोठ्या गवयांच्या तबकड्यांत त्यांना रस नव्हता. त्या सगळेच जमवतात म्हणायचे. त्यांना हवी होती ती एखादी तबकडी काढून कायमची गप्प झालेली माणसं. फार जुन्या तबकड्यांत गाणं संपलं की गाणारा मोठ्यानं आपलं नाव सांगतो. छपाई परदेशात व्हायची, तिथल्या साहेबाला कुणाचं गाणं कुठलं ते कळावं म्हणून ही पद्धत. मुलाणी गाण्यापेक्षा त्या नावाची वाट बघत. नाव मिळालं की वहीत लिहीत आणि एसटीनं माणूस शोधायला निघत. बहुतेकदा हाती लागायचं ते कुणाचं तरी थडगं नाहीतर दाराला लागलेलं कुलूप. पण एकदा भजनाच्या एका तबकडीवरचा आवाज चिंचवडच्याच पिठाच्या गिरणीत सापडला. सहा वर्षं मुलाणी त्या माणसाकडून दळण आणत होते. एक दिवस तो गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून कुणाला तरी हाक मारत होता, आणि मुलाणी पिशवी तिथंच टाकून घरी धावले. त्यांनी त्याला घरी आणून तबकडी ऐकवली. पीठ लागलेले हात तसेच पुढं धरून तो उभा राहिला आणि संपल्यावर विचारलं, हा कोण? तूच, असं मुलाणींनी सांगितल्यावर तो खाली बसला. मी त्या दिवशी तिथं होतो. त्या क्षणासाठी माणसानं जन्मभर तबकड्या जमवाव्यात असं मलाही वाटलं.

या यशानं एक वाईट केलं. आपला कान चुकत नाही अशी मुलाणींची खात्रीच झाली.

त्यांच्या संग्रहातली सगळ्यात लाडकी तबकडी होती एका गवळणीची. लेबल उंदरांनी खाल्लेलं. आवाज एका मुलीचा, उंच, जरासा किंचाळता. साथीला पेटी. आणि शेवटी घाईघाईनं सांगितलेलं नाव, "मी चिमा चाकणकर." ही तबकडी दुसऱ्या कुणाकडे असल्याचं कधी ऐकिवात आलं नाही. मुलाणी मला त्यातली एक जागा पुन्हा पुन्हा दाखवत. गाणारी 'सा'वरून पुढच्या 'रे'वर आली की पेटी गप्प होते आणि मुलीचा आवाज एकटाच पुढं जातो. दर वेळी, न चुकता. "बघा," ते म्हणायचे, "पेटीवाल्याची समज बघा. पोरीला वाट देतो." ही जागा लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

चिमा चाकणकरला ते सात वर्षं शोधत होते. चाकणला तेव्हा कारखाने नव्हते. कांद्याचा बाजार होता आणि पडका किल्ला. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून ते थकले. आणि मग एक दिवस आमच्याच खात्यातला हेल्पर बबन त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बबन चाकणच्या पलीकडच्या वाडीचा, रोज सायकल आणि एसटी करून यायचा. तो म्हणाला, "सायेब, आमची आई म्हनती, ती ल्हान असताना रेकॉर्डीत गायली हाय. गावात कुनी खरं मानीत न्हाई. माहेरचं नाव तिचं चिमा. लग्नात अनसूया ठिवलं."

मुलाणींच्या हातातलं गेज टेबलावर पडलं. ते पडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच गुरुवारी आम्ही वाडीला गेलो. वाडीत वीज नव्हती, म्हणून मुलाणींनी वडिलांचा चावीचा ग्रामोफोन घेतला होता. त्यांचे वडील फलटणकडच्या जत्रांतून तो वाजवत फिरत. तबकडी फडक्यात गुंडाळून वेगळ्या पेटीत. बबननं आदल्या दिवशी गावात सांगून ठेवलं असणार, कारण चावडीपुढं सगळी वाडी जमली होती. बबनची आई, अनसाबाई, पुढं बसल्या होत्या. साठी उलटलेली, बारीक, ताठ बाई. धुवट लुगडं आणि कपाळाला ठसठशीत कुंकू. गावात एकादशीचं भजन त्याच उचलायच्या, असं बबननं येताना सांगितलं होतं.

मुलाणींचा याही बाबतीत नियम होता. ओळख पटल्याशिवाय तबकडी वाजवायची नाही. आधी ऐकवली तर कुणीही म्हणेल, हा माझाच आवाज. म्हणून त्यांनी वही उघडली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाणं कुठं घेतलं? मुंबईला, एका मोठ्या घरात, भिंतीला गाद्या लावल्या होत्या. कशात गायलात? कर्ण्यासारख्या मोठ्या तोंडात, साहेब डोकं धरून पुढं ढकलायचा. किती वय? चौदा, पंधरा. साथीला कोण? मामा, पेटीवर. मुलाणींचा चेहरा हळूहळू उजळत होता. गवळणीचे शब्द त्यांनी विचारलेच नाहीत. तबकडी निघाल्यावर पंचक्रोशीतल्या दहा जणी ते गाणं शिकल्या असतील, त्याचा पुरावा धरायचा नसतो.

शेवटी त्यांनी विचारलं, पट्टी कुठली?

"काळी एक," अनसाबाई लगेच म्हणाल्या. "दुसरीत जमायचंच न्हाई. मामाच्या पेटीची काळी दोन मुकी होती. बैलगाडीतनं पेटी पडली, तवापासनं ती पट्टी दाबली तर नुसता वारा यायचा."

मुलाणींनी वही मिटली. उजव्या खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कारखान्यात लॉटचा निकाल सांगावा तसं ते म्हणाले, "ही काळी दोन. माझ्या तबकडीवर पेटीचा 'सा' बरोबर या सुरावर आहे. तुमच्या मामाच्या पेटीत ही पट्टी वाजतच नव्हती म्हणता. म्हणजे ती पेटी तुमच्या मामाची नाही, आणि गाणारी तुम्ही नाही."

मागं कुणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, आमी म्हनतच होतो. अनसाबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या उठून तबकडीच्या पेटीपाशी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "एकदा वाजवा तरी. मी कधी ऐकलीच न्हाई. ऐकली की मला वळखू येईल."

"ती तुमची नाही, बाई," मुलाणी म्हणाले, आणि पेटीचं झाकण लावलं.

मला तेव्हा म्हणावंसं वाटलं होतं, वाजवा की हो, तीन मिनिटांचं गाणं, काय बिघडतं? मी म्हणालो नाही. मुलाणीसाहेबांना कोण सांगणार, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा हिशेब पटला होता. अनसाबाईंनी पदर सारखा केला आणि मागं न बघता घरी गेल्या. बबन आम्हाला एसटीपर्यंत पोचवायला आला नाही.

त्यानंतर बबन मुलाणींशी कामापुरतंही बोलेना. नग आणून टेबलावर ठेवायचा आणि जायचा. माझ्याशी मात्र कॅन्टीनमध्ये बोलायचा. त्याच्याकडूनच कळलं की आई आता भजनाला जात नाही. पहिल्या एकादशीला गेली तर पोरं म्हणाली, रेकॉर्डवाली आली, रेकॉर्डवाली आली. त्या दिवसापासून तिनं तोंड उघडलं नाही. दळतानासुद्धा गप्प असते. चार वर्षं हे असंच चाललं. मुलाणींनी वहीत अनसाबाईंच्या नावापुढं तांबडी रेघ ओढली होती आणि ते चिमाला जुन्नरकडे शोधू लागले होते.

मग एका उन्हाळ्यात, गुरुवारी दुपारी, मी त्यांच्याकडे होतो आणि वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते. भाभी पुठ्ठ्यानं वारा घेत दारात बसल्या होत्या. मुलाणींनी वडिलांचा ग्रामोफोन काढला, चावी दिली आणि चिमाची तबकडी लावली. यंत्राची स्प्रिंग जुनी होती, निम्म्यात तिचा जोर संपला. गाणं खाली खाली घसरायला लागलं. मुलाणी झटकन चावीकडे वळले.

"राहू द्या," भाभी म्हणाल्या. "आता ही बाई वाटते. इतकी वर्षं मला कुणी पोरगीच किंचाळतेय असं वाटायचं."

मुलाणींचा हात चावीवर तसाच राहिला. गाणं रडत रडत थांबलं. त्यांनी चावी पुरी भरली, वेगाचा स्क्रू मागं पिळला आणि नवीन काटा लावून तबकडी सुरुवातीपासून लावली, सावकाश. किंचाळणं गेलं होतं. आवाज भरीव झाला होता, शांत झाला होता, आणि पेटीही माणसात आली होती. मुलाणींनी शिट्टी फुंकली. पेटीचा 'सा' काळी एकवर होता.

गाणारी 'रे'वर आली आणि पेटी गप्प झाली. काळी एकवरून गायलं की 'रे' येतो तो नेमका काळी दोनवर. पुन्हा 'रे', पुन्हा पेटी गप्प. बाईला वाट देणारा कुणी समजदार पेटीवाला नव्हताच. पट्टी मुकी होती. मामा दाबत होता आणि नुसता वारा येत होता.

चूक कशी झाली ते त्यांनी मला नंतर समजावून दिलं. सुरुवातीच्या काळात गाणं घेणारं यंत्र प्रत्येक साहेबाचं वेगळं, कुठं सत्तर फेरे, कुठं बहात्तर. अठ्ठ्याहत्तर हा आकडा सर्रास झाला तो मागाहून. सत्तरनं घेतलेलं गाणं अठ्ठ्याहत्तरनं वाजवलं की जवळजवळ पूर्ण एक सूर वर चढतं. त्यांचं यंत्र तंतोतंत बरोबर होतं, म्हणूनच निकाल तंतोतंत चुकला होता. एखाद्या गबाळ्या माणसाचं यंत्र हळू चाललं असतं तर त्यानं अनसाबाईंना तिथल्या तिथं ओळखलं असतं.

मला वाटलं, येत्या गुरुवारी आम्ही वाडीला जाणार. मुलाणी गेले नाहीत. म्हणाले, आधी नक्की किती फेरे ते काढायला हवं. त्यासाठी नवी स्प्रिंग हवी, ती मुंबईहून मागवली. तबकडी काढणारी कंपनी कधीच बुडाली होती, तिच्या एका जुन्या एजंटाचा पत्ता शोधून त्यांनी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही, दुसरं टाकलं. महिना गेला, दोन गेले. रोज कारखान्यात बबन येऊन नग ठेवायचा आणि मुलाणी मान खाली घालून मोजत राहायचे. बबनला सांगून टाकावं असं दहादा वाटलं, पण सांगायचं ते मुलाणींनीच, दुसऱ्यानं सांगून त्या बाईची चार वर्षं भरून येणार नव्हती.

आषाढात बबन आठ दिवस रजेवर गेला. परत आल्यावर कॅन्टीनमध्ये म्हणाला, आईला मोठा ताप आला होता, चाकणच्या दवाखान्यात पुष्कळ इंजेक्शनं झाली. ताप उतरला, पण डाव्या कानानं ऐकू येईना. उजव्यानं येतं, पण डॉक्टर म्हणतात तोही जाईल.

मी तडक टेबलापाशी गेलो. मुलाणींशी असा मी कधीच बोललो नव्हतो. म्हटलं, एक कान गेलाय तिचा. दुसरा जायच्या आत चला.

"स्प्रिंग आली की जाऊ," ते म्हणाले. "चार वर्षं थांबली आहे ती. अर्धा पुरावा घेऊन दुसऱ्यांदा त्या चावडीपुढं मी उभा राहू शकत नाही."

"पुरावा तुम्हाला हवाय," मी म्हणालो. "तिला नुसतं ऐकायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. तीस वर्षांत ज्या माणसानं रेघ ओढलेला एक नग परत हातात घेतला नाही, तो एका बाईच्या दारात जायला घाबरत होता. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि त्या दिवशी मी जेवलो नाही.

स्प्रिंग श्रावणाच्या शेवटी आली. त्यांनी ती स्वतः बसवली आणि स्क्रूवर बारीक खूण कोरली. मग शुक्रवारी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर ते बबनपाशी गेले आणि म्हणाले, "बबनराव, तुमच्या आई खऱ्या होत्या. मी चुकलो. गावाला सांगून ठेवा, गुरुवारी येतो."

बबननं हातातली ट्रॉली सोडली नाही. "लय उशीर केला, सायेब," तो म्हणाला. "आठ दिवस झाले, तिला कायबी ऐकू येत न्हाई."

मुलाणी परत टेबलाशी आले आणि दिवसभर एकाही नगावर त्यांनी रेघ ओढली नाही. संध्याकाळी मी विचारलं, आता? ते म्हणाले, आता तर जायलाच हवं.

ती मी पाहिलेली त्यांची शेवटची फेरी. त्याच दिवाळीत ते निवृत्त होऊन फलटणला गेले, पुढं एक-दोन पत्रं आली तेवढीच. पण मुलाणी म्हटलं की मला फलटण आठवत नाही, टेबल आठवत नाही. ती चावडी आठवते.

वाडी पुन्हा जमली होती, या वेळी कुणी हसत नव्हतं. अनसाबाईंना बबननं धरून आणलं. वाळून गेल्या होत्या, पण बसल्या तशाच ताठ. मुलाणी बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली. "चार वर्षांपूर्वी इथं उभं राहून मी या बाईंना खोटं ठरवलं," ते म्हणाले. "माझं यंत्र चुकलं." मग थांबले, मान हलवली आणि म्हणाले, "नाही. यंत्र बरोबर होतं. चुकलो मी. या चिमा चाकणकर आहेत."

त्यांनी चावी भरली, काटा लावला. गवळण सुरू झाली आणि मी लोकांच्या तोंडांकडे बघत राहिलो. मागच्या वेळी 'आमी म्हनतच होतो' म्हणणारा म्हातारा खाली बघत होता. अनसाबाईंना काही कळत नव्हतं. त्या फिरणारी तबकडी बघत होत्या. मग त्यांनी हात पुढं केला आणि ग्रामोफोनच्या लाकडी पेटीवर तळवा ठेवला. मुलाणी एरवी कुणाला त्या पेटीला बोट लावू देत नसत. बाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळानं डोळे न उघडता त्यांनी बबनला विचारलं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा फार मोठ्यानं, "पेटी मुकी होती का रं मधीच?"

बबननं त्यांचा दुसरा हात धरून दोनदा दाबला.

तबकडी संपत आली, ते घाईचं नाव आलं. काटा नुसताच खरखरत राहिला. मुलाणी तो उचलायला वाकले, तेवढ्यात अनसाबाई गायला लागल्या. चार वर्षांनी. तीच गवळण, पहिल्या ओळीपासून, स्वतःला एक अक्षर ऐकू येत नसताना. आवाज फाटलेला होता, जागोजाग तुटत होता, पण त्या थांबल्या नाहीत.

मुलाणींचा हात सवयीनं उजव्या खिशात गेला. मी बघत होतो. शिट्टी त्यांच्या मुठीत आली असावी, कारण खिशातच मूठ वळली. आणि मग हात रिकामाच बाहेर आला. टोपी छातीशी धरून ते तसेच उभे राहिले, गाणं संपेपर्यंत. बाईंचा 'सा' काळी एकवर लागला होता की नाही ते मला सांगता येणार नाही, मला त्यातलं काही कळत नाही. ज्यांना कळत होतं, त्यांनी मोजलं नाही.